पेंढ्याचं इरलं

१

मंगळवार आणि गुरुवार, सकाळी नऊ ते अकरा, अशी माझी वेळ ठरली होती. माझा मुलगा अतुल रेडमंडला ऑफिसला जाताना मला बॉथेलच्या त्या प्लाझात सोडायचा. एका बाजूला दातांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला नखं रंगवून देणारं दुकान आणि मध्ये केन ओनोचं जपानी रेस्टॉरंट. लंच साडेअकराला सुरू व्हायचं. त्याआधी मी काम आवरून बसने घरी यायचे.

ऑक्टोबरात माझ्या अडुसष्टाव्या वाढदिवसाला अतुल आणि सून रीमा मला तिथे जेवायला घेऊन गेले होते. आतली सगळी लांब भिंत हस्तकलेच्या वस्तूंनी भरलेली होती. ओतीव लोखंडाच्या किटल्या, लाखेचे वाडगे, लाकडी बाहुल्या, बांबूच्या विणीच्या टोपल्या, निळीत रंगवलेलं कापड. जपानच्या वेगवेगळ्या प्रांतांतून आलेलं हे सगळं नुसतंच मांडून ठेवलेलं, कशावर चिठ्ठी नाही. लाखेचे वाडगे थेट दिव्याखाली होते, उष्णतेनं लाख तडकते. न राहवून मी ते वेटरला सांगितलं, तर खुद्द केनच टेबलापाशी आला. पन्नाशीचा, इथेच जन्मलेला माणूस. म्हणाला, हे सगळं माझ्या आजीनं जमवलेलं, कुठली वस्तू कुठली ते मला धड माहीत नाही, कुणी यादी करून दिली तर बरं होईल.

नागपूरच्या एका वस्तुसंग्रहालयात मी एकतीस वर्षं नोंदणी विभागात होते. वस्तू आली की तिला क्रमांक द्यायचा, मापं घ्यायची, वजन करायचं, स्थिती लिहायची. तुटकी असेल तर तुटकी, कीड लागली असेल तर कीड. स्वतःचं मत लिहायचं नाही. यजमान गेल्यावर मी अमेरिकेत आले, त्याला चौदा महिने झाले होते. इथे माझ्याकडे ड्रायरमधले कपडे घड्या करण्यापलीकडे काम नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात सतरा नंबरपर्यंत आले. सतरा नंबर म्हणजे पेंढ्याचं इरलं.

इरलं हा माझा शब्द. कोकणात पावसात डोक्यावरून पाठीवर घेतात ते पानांचं असतं. हे भाताच्या पेंढ्याचं होतं, खांद्यावरून गुडघ्यापर्यंत येणारं, बर्फाच्या मुलखातलं. पेंढ्या वरून खाली थरांनी सोडलेल्या, खांद्याला काळ्या-निळ्या दोऱ्यांची नक्षी, गळ्याशी बांधायला दोन दोऱ्या. आडव्या बांबूत अडकवून ते भिंतीला टांगलेलं होतं. नक्षी दिसावी म्हणून पाठीची बाजू आपल्याकडे होती. त्यामुळे गळ्याकडची बाजू, म्हणजे ज्या बाजूला माणसाचं तोंड येईल ती, भिंतीकडे.

विमानाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा मी घरून आणला होता. वजन दोन किलो शंभर ग्रॅम. खालच्या कडेपासून भिंतीपर्यंतचं अंतर नऊ सेंटिमीटर. गळ्याच्या दोरीची गाठ मी मापासाठी सोडली आणि तशीच सुटी ठेवली, कारण जुन्या दोरीला ताण बरा नव्हे. स्थिती : कोरडे, चांगली.

२

पुढच्या गुरुवारी मी तिथून जाताना सहज पेंढ्यावरून हात फिरवला. तो कोरडा होता. मग कीड बघायला आतून हात घातला तर बोटं ओली झाली.

मी हात बाहेर काढून पाहिला. बोटांवर पाणीच होतं, स्वच्छ आणि खूप थंड.

छत गळत असेल, हा माझा पहिला विचार. बाहेर पाऊस होताच, तो इकडे नोव्हेंबरात थांबत नाही. मी केनला बोलावलं. त्यानं खुर्चीवर चढून छत दाबून पाहिलं.

"गेल्या वर्षीच नवं छत घातलंय, मिसेस के," तो म्हणाला. माझं आडनाव केळकर, पण ते त्याला जमत नसे. "भिंतही कोरडी आहे. हात लावून बघा."

भिंत खरंच कोरडी होती. जमीनही. पाणी वरून आलं असतं तर बाहेरचा पेंढा आधी भिजला असता. भिंतीतून आलं असतं तर भिंतीवर डाग पडला असता. हे फक्त मधल्या पोकळीत होतं, अंगाला लागतं तिथे. घामेजलेल्या माणसाचा सदरा आतून ओला असतो तसं.

"किचनची वाफ असेल," केन म्हणाला.

"असेल," मी म्हटलं. वाफेचं पाणी इतकं थंड कसं, हे विचारलं नाही. वजन केलं, दोन किलो सहाशे. वहीत लिहिलं : आतून ओलसर, कारण माहीत नाही. एकतीस वर्षांत 'कारण माहीत नाही' मी शेकडो वेळा लिहिलं होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

३

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी ते इरलं भिंतीपासून पुढे आल्यासारखं वाटलं. टेप लावली. चौदा सेंटिमीटर.

पेंढा पाणी पितो, फुगतो. तसं लिहिलं. केन तांदूळ धूत होता. त्याला हाक मारून दोघांनी मिळून बांबू उतरवला आणि इरलं टेबलावर उताणं ठेवलं. तो परत आत गेला. मी गळ्याची बाजू पाहिली.

दोरी बांधलेली होती.

ती मी सोडून ठेवली होती. वहीत तसं लिहिलंही होतं, माझ्याच अक्षरात. केनला विचारलं तर त्यानं कुणी हात लावला नाही म्हटलं. साफसफाईचे लोक या भिंतीला फक्त पिसांचा झाडू फिरवतात.

गाठ साधी होती, एका बाजूला फास असलेली. मी खूप वेळ तिच्याकडे बघत उभी राहिले. संग्रहालयात आम्ही पुतळ्यांना जुने अंगरखे घालायचो, त्यांचे बंद बांधायचो. दुसऱ्याला समोरून बांधलेली गाठ आणि माणसानं स्वतःच्या अंगावर बांधलेली गाठ एकसारखी नसते. आरशात पाहिल्यासारखी उलटी पडते. खात्री करायला मी बाथरूममध्ये जाऊन माझ्या परकराच्या नाडीची गाठ पाहिली. मग परत येऊन ही पाहिली.

ही घालणाऱ्यानं स्वतः बांधली होती.

डावखुऱ्या माणसानं समोरून बांधली तरी अशीच दिसेल, हे मला लगेच सुचलं. केन डावखुरा नव्हता. साफसफाईचे लोक मी पाहिले नव्हते. मी ही शक्यता वहीत लिहिली. गाठ सोडली. दोरी बर्फासारखी थंड होती आणि सोडताना घट्ट वाटली, जुनी दोरी वाटत नाही तितकी.

गुरुवारी ती परत बांधलेली होती. अंतर सतरा.

४

त्या संध्याकाळी जेवताना मी घरी सांगितलं. मोजकंच सांगितलं. वजन, अंतर, ओल, गाठ.

अतुल आणि रीमानं एकमेकांकडे पाहिलं. ते बघणं माझ्या ओळखीचं होतं. सप्टेंबरात मी गॅसवर आल्याचा चहा ठेवून फिरायला गेले होते आणि घरभर धुराचा अलार्म वाजला होता. त्यानंतर एकदा चुकीच्या बसमध्ये बसून भलत्याच गावी पोचले होते.

"आई," रीमा फार गोड आवाजात म्हणाली, "गाठ तुम्हीच बांधली असेल आणि विसरला असाल, असं होऊ शकतं ना?"

"होऊ शकतं. पण सोडल्याचं लिहिलंय मी."

"लिहिल्यानंतर बांधली असेल," अतुल म्हणाला. "बघ, कुणी काही म्हणत नाहीये. पण रीमानं एक अपॉइंटमेंट घेतलीय. मेमरी क्लिनिक. जस्ट रुटीन. जानेवारीत आहे."

"मला न विचारता?"

"तू नाही म्हणाली असतीस, म्हणून. आणि तोपर्यंत ते काम बंद ठेवायचं का? स्ट्रेस येत असेल तुला. तिथे एकटीच असतेस."

मी पोळीचा घास मोडला. ते काम गेलं तर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मी त्या घरात बसून काय करणार होते? ते दोघं बोलत होते ते माझ्या काळजीनंच, हेही कळत होतं. आणि त्यांचं खरं नसेल असं मी शपथेवर सांगू शकत नव्हते. चहा मी खरंच विसरले होते.

"नको," मी म्हटलं. "माझंच चुकलं असेल. पुढच्या वेळी नीट बघते."

पुढच्या मंगळवारी मी इरलं उतरवलं नाही, काटा लावला नाही, टेप काढली नाही. लांबूनच पाहिलं आणि केनला द्यायच्या पक्क्या यादीत सतरा नंबरपुढे लिहिलं : कोरडे, स्थिती उत्तम. हाताळण्यास योग्य.

न बघता नोंद मी आयुष्यात त्याआधी कधी केली नव्हती. लिहायला अर्धं मिनिट लागलं.

५

त्यानंतर मी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला बसून काम करू लागले. टोपल्या, बाहुल्या, कापडं. इरल्याकडे पाठ करून बसले की माझा वेग कमी होतो हे लक्षात आलं, म्हणून खुर्ची फिरवली. मग ते डोळ्याच्या कोपऱ्यात यायचं. मग पुन्हा पाठ केली.

रेस्टॉरंटमध्ये सकाळी किचनचा मोठा पंखा चालू असतो. त्याची घरघर इतकी सततची की ती ऐकू येईनाशी होते. पण दहाच्या सुमाराला केन पंखा दोन-तीन मिनिटं बंद करायचा, जाळी पुसायला. त्या दोन-तीन मिनिटांत पेंढ्याचा आवाज यायचा. कोरड्या पेंढ्यात उंदीर फिरला की येतो तो नव्हे. फार वेळ उभा राहिलेला माणूस एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो, तेव्हा अंगावरचा कपडा जसा हलतो, तसा. एकदाच आणि अगदी हळू. मग शांतता. मग पंखा परत सुरू.

मी एकदा मुद्दाम घड्याळ लावून ऐकलं. तीन मिनिटांत दोनदा. लाकूड, बांबू, पेंढा, सगळं हवेतल्या ओलीनं हलतं, हे मी नव्या मुलींना शिकवलेलं आहे. तेच स्वतःला सांगितलं.

नाताळच्या आधीच्या गुरुवारी केन चहा घेऊन माझ्यापाशी बसला. खुशीत होता.

"जानेवारीच्या पहिल्या शनिवारी नवीन वर्षाचा कार्यक्रम करतोय," तो म्हणाला. "लहान मुलं येतील. तो पेंढ्याचा कोट त्यांना घालायला देऊन फोटो काढायची कल्पना आहे. तुमच्या यादीत लिहिलंय, हाताळायला योग्य. मस्त झालं. मला वाटत होतं कुजला असेल."

मी चहाचा कप दोन्ही हातांत धरला. खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं.

"मुलांना मोठा होईल," मी म्हटलं.

"तेच तर गमतीचं!"

तो आत गेल्यावर मी उठले आणि टेप लावली. सव्वीस सेंटिमीटर. इतकं अंतर नुसत्या फुगलेल्या पेंढ्याचं नसतं. माणूस भिंतीकडे तोंड करून, भिंतीला जवळजवळ चिकटून उभा राहिला, तर त्याची पाठ जिथे येईल, तिथे ते होतं. खाली वाकून बघितलं असतं तर आत काय आहे ते दिसलं असतं. मी वाकले नाही. कोट चढवून बाहेर पडले आणि पावसात अर्धा तास बसची वाट बघत उभी राहिले.

६

दोन जानेवारीला अतुलला सुट्टी होती. सकाळी रीमा जिमला गेल्यावर मी त्याला सांगितलं.

"मी यादीत खोटं लिहिलंय. ते कोरडं नाहीये. आणि परवा लहान मुलं ते घालणार आहेत."

तो चिडला नाही. मला वाटलं होतं चिडेल. त्यानं लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. लहानपणी आजारी पडला की असाच बघायचा.

"ओके. आपण दोघं जाऊन बघू. मी स्वतः चेक करतो. ओलं असलं तर केनला सांगू, नसलं तर तू क्लिनिकला यायचंस, वाद न घालता. डील?"

"डील," मी म्हटलं.

केननं दार उघडलं, अतुलशी हात मिळवला आणि भाज्या चिरायला आत गेला. सकाळचे साडेनऊ. बाहेरचा राखाडी उजेड काचेतून आत आलेला होता, दिवे लागलेले होते. अतुलनं इरल्यावरून हात फिरवला.

"कोरडं आहे की ग."

"आतून बघ."

त्यानं बांबूसकट ते उचललं. "बापरे, किती जड आहे हे!" टेबलावर ठेवून त्यानं आत हात घातला. त्याचा हात मध्येच थांबला. मग त्यानं तो बाहेर काढून जीन्सला पुसला.

"ओके, दमट आहे. कंडेन्सेशन. यार, एवढ्यासाठी तू महिनाभर झोपली नाहीस?"

"गाठ बघ."

"आई, गाठ म्हणजे गाठ असते." त्यानं ती सोडली आणि बांबू ओढून काढला. मग एकदम हसून म्हणाला, "थांब, तुझी भीतीच घालवतो. मी घालून दाखवतो. मला काही झालं नाही की मग मुलांनाही काही होणार नाही."

"नको, अतुल."

"फोटो काढ," तो म्हणाला आणि मी टेबलाला वळसा घालायच्या आत त्यानं ते खांद्यावर घेतलं.

तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. मला नक्षी दिसावी म्हणून, नवी शाल दाखवतात तसा. भिंत त्याच्या नाकापासून हातभर लांब असेल. टेबल आमच्या मध्ये होतं. त्यानं दोन्ही हात बाजूला पसरून विमानासारखे धरले. पेंढा त्याच्या पाठीवर नीट बसला. मी फोन हातात घेतला, कारण त्यानं सांगितलं होतं.

किचनमधला पंखा बंद झाला.

"आई," अतुल म्हणाला, "एवढं घट्ट नको ना बांधूस."

त्याचे दोन्ही हात मला दिसत होते, पसरलेले, बोटं सुटी. माझ्या हातात फोन होता.

"मी इथे आहे, अतुल," मी म्हटलं. "टेबलाच्या इकडे."

तो वळला नाही. त्याची हनुवटी हळूहळू वर गेली. लहान मुलाच्या सदऱ्याचं वरचं बटण कुणी लावत असलं की ते मूल जशी मान वर करून थांबतं, तसा तो थांबला. पेंढ्याचा तो आवाज झाला, एकदाच. मग अतुल हलक्या, विनयानं बोलल्यासारख्या आवाजात म्हणाला, "ओके."

ते मला म्हटलेलं नव्हतं.

पंखा परत सुरू झाला. अतुलचे हात खाली आले. मी टेबलाला वळसा घालून त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये शिरले. तिथे एका माणसापुरतीच जागा होती आणि ती फार थंड होती. त्याच्या गळ्याशी गाठ होती. समोरून बांधलेली. दुसऱ्याला बांधतात तशी. मी ती नखांनी सोडवली. त्याचे डोळे माझ्या डोक्यावरून भिंतीकडे होते.

"अतुल."

"हं," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. "झालं. काढ."

इरलं हातात घेतलं तेव्हाच कळलं. सवयीनं मी काटा लावला. दोन किलो शंभर. आत हात घातला. पेंढा कोरडा होता, कुरकुरीत, जसा जुना पेंढा असायला हवा तसा. आम्ही ते परत टांगलं. ते भिंतीला सपाट टेकलं.

केन हात पुसत बाहेर आला. "काय, कसं काय वाटलं?"

"ठीक आहे," अतुल म्हणाला. "मुलांना द्यायला काही हरकत नाही."

मी यादीतली सतरा नंबरची ओळ पुन्हा वाचली. कोरडे, स्थिती उत्तम. आता ती खरी होती. काही खोडावं लागलं नाही.

७

आम्ही गाडीनं निघालो. वायपर चालू होते. मी पुढे त्याच्या शेजारी, पर्स मांडीवर. प्लाझातून बाहेर पडून पहिल्या सिग्नलला वळलो आणि गाडी किणकिणायला लागली. ही गाडी नवी होती, दोन महिन्यांची. मागच्या सीटवर दळणाची पिशवी ठेवली तरी ती अशी किणकिणते, बेल्ट लावा म्हणून. समोरच्या पडद्यावर गाडीचं चित्र आलं. त्यात माझ्या मागची सीट लाल झाली होती.

मागे आम्ही काही ठेवलं नव्हतं.

मी मान वळवायला लागले.

"मागे बघू नकोस," अतुल म्हणाला. त्याची नजर रस्त्यावरच होती.

आवाज चालूच होता. दर तीन-चार सेकंदांनी एक.

"काय झालं रे तिथे?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"तू ओके म्हणालास."

त्यानं वायपरचा वेग वाढवला. मग म्हणाला, "काहीतरी विचारलं मला. भाषा कळली नाही. फार अदबीनं विचारलं ग. म्हणून मी आपलं ओके म्हटलं. ऑफिसमध्ये कॉलवर कळलं नाही की म्हणतो ना आपण, तसं."

"अतुल, माझ्यामुळे..."

"तू कशाला? तू तर सांगितलं होतंस." मग थोड्या वेळानं, "आम्हीच ऐकलं नाही."

महिनाभर मला जे ऐकायचं होतं, ते हे होतं. ते ऐकून मला बरं वाटलं नाही.

पेट्रोल पंपाशी त्यानं गाडी बाजूला घेतली. पावसात उतरला, माझ्या मागचं दार उघडलं. थंड हवा आत आली. मी समोरच्या काचेवरच्या पाण्याकडे बघत होते. पट्टा ओढल्याचा आवाज झाला, बराच ओढल्याचा. मग खटका बसला. किणकिण थांबली. दार लावून तो परत येऊन बसला, केसांवरून पाणी गळत होतं.

"रीमाला काही सांगायचं नाही," तो म्हणाला.

"नाही सांगत."

घरी पोचेपर्यंत बाहेरच्या बाजूला लावलेला आरसा मी पाहिला नाही. आतल्या आरशातही नाही. हीटर पूर्ण चालू होता. माझ्या मानेला मागून गारवा लागत होता, खिडकी किंचित उघडी राहिली की लागतो तसा. सगळ्या खिडक्या बंद होत्या.

ड्राइव्हवेमध्ये गाडी थांबली. रीमाची गाडी आलेली होती, किचनमध्ये दिवा होता. अतुल उतरला, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आला. मी पर्स सावरून घेतली. पण त्यानं मागचं दार उघडलं, वाकून बेल्ट सोडला आणि बाजूला होऊन, दार धरून, पावसात उभा राहिला. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला गाडीतून उतरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तो तसा उभा होता. एकदा त्यानं कोपर थोडं पुढे केलं.

मग त्यानं दार हलकेच लावलं आणि सावकाश, कुणाच्या तरी चालीनं, घराकडे निघाला.

माझं दार मी माझ्या हातानं उघडलं आणि उतरले.